पाचोळ्याचं काय करायचं : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या पानगळीच्या कामांवरच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आली आहे आणि तिच्यातला निम्मा राग रास्त आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘पानं लॉनवरच जिरवा’ हा सल्ला ऐकला आणि न्यू जर्सीतल्या तुमच्या अंगणात मार्चमध्ये गवताला ठिकठिकाणी टक्कल पडलं. पाचोळ्यात गोचीड असतात, त्याचा लेखात उल्लेखही नाही. दर नोव्हेंबरला घड्याळ एक तास मागे करायची पद्धत शेतकऱ्यांसाठी सुरू झाली हे सगळ्यांना ठाऊक असताना लेखात उलटं लिहिलंय. आणि हॅलोविनला (३१ ऑक्टोबर) दारात ठेवायच्या कोरलेल्या भोपळ्यांचं कौतुक म्हणजे अन्नाच्या नासाडीचं कौतुक. शेवटी तुम्ही विचारलंय की गराजमध्ये पानांनी भरलेल्या पंधरा कागदी पिशव्या उभ्या आहेत, त्यांचं आता काय करू?

लॉनपासून सुरुवात करतो, कारण तिथं चूक माझी आहे. जिरवायची म्हणजे आधी पानांचा भुगा करायचा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेखात एका ओझरत्या वाक्यात उरकली गेली. अख्खी पानं तशीच पडू दिली तर नोव्हेंबरच्या पावसात ती एकमेकांना चिकटतात आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा थर तयार होतो. तुमच्याकडचं गवत बहुधा केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू असणार. ही थंडीतली गवतं. झाडं पानं टाकतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती जोमात असतात, ऊन खाऊन मुळांमध्ये साठा करत असतात. नेमकं तेव्हाच त्यांच्यावर झाकण बसतं. वरून बर्फ पडला की खाली हवा नाही, उजेड नाही, नुसती ओल. मग बुरशी धरते आणि मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर गोल गोल करडे किंवा गुलाबीसर डाग दिसतात. तुम्ही वर्णन केलेलं टक्कल ते हेच.

आता नीट कृती. मोअरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची, उंची तीन ते साडेतीन इंचांवर ठेवा. पातं धार लावून घ्या आणि शक्य असेल तर मल्चिंगचं, म्हणजे बारीक भुगा करणारं, पातं बसवा. बाजूचं तोंड बंद करा, मागची पिशवी काढा. पानं कोरडी हवीत, म्हणजे सकाळचं दव उडाल्यावर, दुपारी. ओल्या पानांवर मोअर फिरवलात तर यंत्राच्या पोटात लगदा साचतो आणि गवतावर त्याचे गोळे पडतात. नेहमीपेक्षा सावकाश चाला, एकदा उभं आणि एकदा आडवं. तुकडे बोटाच्या नखाएवढे झाले की झालं. मग वाकून बघा : भुग्यातून गवताची टोकं सगळीकडे वर आलेली दिसली पाहिजेत. नुसता तपकिरी गालिचा दिसत असेल तर भुगा जास्त झालाय, तेवढा दंताळ्याने ओढून वाफ्यात टाका. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉनतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं हे करून पाहिलंय. दाट गवत असेल तर एका वेळी सहा इंच जाडीचा पाचोळासुद्धा ते पचवतं आणि वसंतात डँडेलायनचं तणही कमी उगवतं. पण सहा इंच साचेपर्यंत थांबू नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) दर आठवड्याला एक फेरी मारलीत तर काम अर्ध्या तासाचं असतं. ओकची पानं सगळ्यांत शेवटी गळतात, काही तर वाळून फांदीलाच लटकून राहतात, तेव्हा शेवटची फेरी त्यांच्यासाठी राखून ठेवा.

एक अपवाद मात्र पाळा. सप्टेंबरमध्ये नवीन बी पेरलं असेल तर त्या भागात भुगा नको. कोवळे कोंब त्याच्या भाराखाली आडवे होतात. तिथली पानं हलक्या हाताने बाजूला काढा.

तुम्ही असंही लिहिलंय की मागच्या कोपऱ्यात केलेला ढीग वर्षभर तसाच आहे, कुजतच नाही. याचं कारण पानांच्या रंगात आहे. पानगळीआधी झाड हिरवं रंगद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन फांद्यांत आणि मुळांत ओढून घेतं. हिरवा उतरला की आधीपासून दडलेला पिवळा दिसू लागतो. मेपलचा लाल मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने तयार करतं, आणि त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, हिम नव्हे. हे सगळं सुरू होतं ते दिवस लहान होऊ लागल्यामुळे. हिम लवकर पडलं तर उलट रंग बिघडतो. म्हणजे खाली पडतं ते पान नायट्रोजन काढून घेतलेलं, जवळजवळ नुसतं कार्बनचं असतं. जिवाणूंना ते एकटं पचत नाही. त्यांना जोडीला ओलं, हिरवं काहीतरी लागतं : भाज्यांची देठं, चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, शेवटच्या कापणीचं गवत. तीन घमेली पानांना एक घमेलं ओलं, हे माप धरा. ढीग तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच तरी हवा, नाहीतर आत ऊब धरत नाही. मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतका ओला लागला पाहिजे. वास मारायला लागला तर पाणी जास्त झालंय, कोरडी पानं घाला आणि उलथापालथ करा. तुमच्याकडे काळ्या अक्रोडाचं झाड असेल तर त्याची ताजी पानं टोमॅटोच्या वाफ्यात चुकूनही घालू नका. त्यातल्या जुग्लोनने टोमॅटोची रोपं माना टाकतात.

गोचिडांबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि हा भाग मूळ लेखात यायलाच हवा होता. गोचिडाच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराला नावच जवळच्या कनेटिकटमधल्या लाइम गावावरून मिळालंय. तो पसरवणारा काळ्या पायांचा गोचीड थंडीने मरत नाही. पूर्ण वाढलेले गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भर जोरात असतात आणि गोठणबिंदूच्या जरा वर, साधारण चार अंश सेल्सियसलासुद्धा हिंडतात. त्यांना अख्ख्या पानांचा दमट थर आवडतो, विशेषतः रानाच्या कडेला आणि दगडी कुंपणाच्या पायथ्याशी. मोकळ्या उन्हातल्या लॉनवरच्या बारीक भुग्यात त्यांना आसरा फारसा मिळत नाही. म्हणून कंपोस्टचा ढीग मुलांच्या झोपाळ्यापासून लांब हवा. अंगण आणि झाडी यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा तीन फूट रुंद पट्टा टाका. पानांच्या ढिगात उड्या मारायची इथल्या पोरांना भारी हौस असते आणि ती पुरवावी, पण ढीग लॉनच्या मधल्या पानांचा आणि त्याच दिवशी केलेला असावा. रानाकडेला चार दिवस पडलेला ढीग नको. घरात आल्यावर कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा, दोन तासांच्या आत आंघोळ, आणि गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघा. गोचीड चिकटलेला सापडला तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश यांतलं काही लावू नका. संसर्ग व्हायला बहुतेक वेळा चोवीस तासांहून जास्त काळ तो चिकटलेला असावा लागतो, म्हणून रोजच्या रोज बघण्याला एवढं महत्त्व.

शेजारी ब्लोअरने, म्हणजे हवेच्या झोताने पानं उडवणाऱ्या यंत्राने, पानं रस्त्यावर ढकलतात आणि ‘टाउनशिप नेते की’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी नियम असा आहे की पानं जाहीर झालेल्या उचलण्याच्या तारखेआधी सात दिवसांहून लवकर रस्त्याकडेला ठेवायची नाहीत आणि पावसाच्या पाण्याच्या जाळीपासून दहा फूट दूर ठेवायची. तुमच्या टाउनशिपचं वेळापत्रक तेवढं बघून घ्या. यामागे नुसतं तुंबणं नाही. भिजलेली पानं चहासारखी उतरतात आणि त्यांतला फॉस्फरस जाळीतून थेट ओढ्यात, तिथून तळ्यात जातो. उन्हाळ्यात तळ्यावर शेवाळाची हिरवी साय येते, तिला हे खाद्य. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने मोजमाप केलं, तेव्हा पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली तर शरदातल्या पाण्यातला फॉस्फरस ८० टक्क्यांहून जास्त घटला. ब्लोअरच्या आवाजाची तक्रार तुमची एकट्याची नाही. वॉशिंग्टन डीसीत पेट्रोलवरचे ब्लोअर २०२२ पासून बंद आहेत आणि कॅलिफोर्नियात २०२४ पासून बनलेली अशी नवी यंत्रं विकायला मनाई आहे.

घड्याळाच्या बाबतीत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात इंधन वाचवायला अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे आणि हिवाळ्याआधी परत मागे करायची ही पद्धत आली आणि तिला सगळ्यात कडाडून विरोध शेतकऱ्यांचा होता. गवतावरचं दव सूर्याने सुकतं, घड्याळाने नाही. मजूर मात्र घड्याळ बघून घरी जातो, म्हणजे कामाचा एक तास बुडाला. गायही जुन्याच वेळेला दूध देते. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून १९१९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ही पद्धत रद्द केली, ती मुख्यतः शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे. पुढे ती परत आली. घड्याळ मागे करायची सध्याची तारीख, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला रविवार, २००५ च्या कायद्याने ठरली आणि २००७ पासून लागू झाली. कायम उन्हाळी वेळच ठेवायचं विधेयक सिनेटने मार्च २०२२ मध्ये एकमताने मंजूर केलं, पण प्रतिनिधीगृहात ते अडलं. आपल्या कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच : त्या रविवारनंतर न्यू जर्सीत पाचच्या आतच सूर्य मावळतो, ऑफिसातून येऊन अंगणात काही करता येत नाही. छपराच्या पन्हळींतली पानं काढायचं काम तर अंधारात मुळीच नको. शिडी चार फूट उंचीला एक फूट या मापाने भिंतीपासून पुढे ठेवायची, खाली एकाने धरायची, आणि ती दिवसाउजेडीच.

आता भोपळा. तुमचा हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण भोपळा कचऱ्याच्या डब्यात गेलेला मलाही बघवत नाही. पण त्यासाठी कोरणं सोडायला नको, क्रम बदलायला हवा. दारात ठेवायला मिळणारा मोठा नारिंगी भोपळा बहुधा हाऊडन जातीचा, कोरण्यासाठीच निवडलेला : कडक साल, पोकळ पोट, पाणचट आणि रेषाळ गर. त्याचे घारगे करायला गेलात तर पाण्यामुळे कणीक जास्त लागते आणि घारगे वातड होतात. घारग्यांना बटरनट स्क्वॉश घ्या, आपल्या लाल भोपळ्याचा तो सख्खा भाऊ. दोन वाट्या कीस, एक वाटी चिरलेला गूळ, दोन्ही मंद आचेवर गूळ विरघळून कीस मऊ होईपर्यंत शिजवा. पूर्ण गार होऊ द्या. मग चिमूटभर मीठ, वेलदोडा, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंबही नको. खसखस लावून जाडसर थापा आणि मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलं तर गुळामुळे वरून काळे आणि आतून कच्चे राहतात.

कोरायचा भोपळा हॅलोविनच्या दोन-तीन दिवस आधीच कोरा. कोरलेला पाच-सात दिवसांत बसतो, अख्खा कोरड्या जागी दोन-तीन महिने टिकतो. बिया आधी काढून धुवा, पुसून कोरड्या करा आणि तेल-मिठात घोळून ३०० अंश फॅरनहाइटवर अर्धा-पाऊण तास भाजा, मधे दोनदा हलवा. आत मेणबत्तीऐवजी छोटा एलईडी दिवा ठेवा, भिंत उष्णतेने मऊ पडत नाही. टिकावा म्हणून ब्लीचमध्ये बुडवू नका, खारी तो खातात. रंगवलेला भोपळा कंपोस्टला चालत नाही, एवढ्यासाठी तरी कोरलेला बरा. २०२४ मध्ये आपल्याकडच्या पंचांगात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. एकाच दिवशी पहाटे पणत्या आणि संध्याकाळी भोपळ्यातला दिवा, इथल्या मराठी घरांना किती सुंदर योग मिळाला तो!

आणि हॅलोविन संपल्यावर त्याच भोपळ्याचे फावड्याने तुकडे करून मागच्या न कुजणाऱ्या ढिगात घाला. त्यात नव्वद टक्के पाणी आहे, पानांना हवी असलेली ओल तीच. एकही बी राहू देऊ नका, नाहीतर जूनमध्ये ढिगावर वेल चढेल.

राहिल्या तुमच्या पंधरा पिशव्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या आकड्यांनुसार अंगणातला ३ कोटी ५४ लाख टन पालापाचोळा त्या वर्षी निघाला आणि त्यातला सुमारे १ कोटी ५ लाख टन कचराभूमीत पुरला गेला. तुमच्या पिशव्या तिकडे जायला नकोत. पाच पिशव्या मोकळ्या करून मोअरखाली भुगा करा आणि गुलाबांच्या व लसणाच्या वाफ्यावर तीन इंच पसरा, खोडाला चिकटवू नका. पाच पिशव्या ढिगाशेजारी कोरड्या राखून ठेवा. स्वयंपाकघरातलं ओलं दर वेळी टाकलं की वर त्यांतली तीन घमेली. उरलेल्या पाच पाण्याने चिंब भिजवा, तोंडं दुमडून कुंपणाच्या सावलीत ओळीने ठेवा आणि विसरून जा. कागद फाटला तरी हरकत नाही, तोही कुजेल. दीड-दोन वर्षांनी त्या जागी काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारख्या वासाची पानमाती मिळेल. ती चाळून तुळशीच्या कुंडीत घाला.