आधी सायकल चोरीला जाऊ द्या

परदेशातल्या विद्यापीठात इटालियन सिनेमाचं विद्वान व्हायचंय ना? मग पहिलं पथ्य हे, की इटलीतले लोक कोणते सिनेमे बघतात याची चौकशी करत बसू नका. त्याने अभ्यास नासतो.

सुरुवात १९४८ पासून करायची. डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' वर्गात लावायचा. संपला की लगेच दिवे लावायचे नाहीत, पोरांना जरा अंधारात बसू द्यायचं. मग फळ्यावर 'नववास्तववाद' एवढाच शब्द लिहून खिडकीबाहेर बघायचं. (म्हणजे महायुद्धानंतरच्या इटलीतली, खऱ्या गल्ल्यांत जाऊन साध्या माणसांच्या गोष्टी सांगणारी सिनेमाची चळवळ.) त्यानंतर माज्जोरानीची गोष्ट. हा नायक खरंच कारखान्यातला कामगार होता. बेकाराचं काम करून तो परत गेला आणि काही दिवसांनी कारखान्याने त्याला खरंच कमी केलं. हे सांगताना आवाज थोडा खाली आणा.

'आवाज' हा विषय मात्र त्यापुढे वाढू देऊ नका. त्या काळचे बहुतेक इटालियन सिनेमे मुके चित्रित व्हायचे आणि संवाद मागाहून स्टुडिओत चढवले जायचे. रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' याच जातीचा. म्हणजे गल्ली खरी, घाम खरा आणि बोलणं नंतर भरलेलं. एकट्या विस्कोंती या दिग्दर्शकाने हट्टाने सिसिलीतल्या आची त्रेझ्झाच्या कोळ्यांना त्यांच्याच बोलीत बोलायला लावलं, तर ती बोली उरलेल्या इटलीला कळेना. शेवटी वर प्रमाण इटालियनमधलं निवेदन आलं. वास्तव इतकं वास्तव झालं की दुभाष्या लागला. सबटायटलं वाचणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्यांना यातलं काही जाणवत नाही, आणि ते बरंच आहे.

खलनायक आयता मिळतो. जुलिओ आंद्रेओत्ती तेव्हा सरकारात सिनेमाचं खातं बघायचा. डी सिकाच्या 'उंबेर्तो डी.' या गरीब म्हाताऱ्याच्या हालांवरच्या सिनेमावरून १९५२ मध्ये त्याने दिग्दर्शकाला वर्तमानपत्रातून जाहीर समज दिली, की देशाचं असं चित्र जगापुढे मांडू नये. त्याला मनसोक्त शिव्या घाला, त्याची हरकत नाही. फक्त हा सिनेमा साध्या इटालियन प्रेक्षकानेही फारसा पाहिला नव्हता, हे त्याच दमात बोलू नका. तो प्रेक्षक १९४९ पासून मातारात्सोच्या 'कातेने'सारख्या रडारडीच्या कौटुंबिक सिनेमांना रांगा लावत होता. आपल्याकडच्या 'माहेरची साडी'ची आठवण व्हावी, असला प्रकार. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. नववास्तववाद रोममध्ये पिकला आणि विकला गेला पॅरिसमध्ये. तिथे समीक्षक आंद्रे बाझाँने त्याला तत्त्वज्ञानाचा टिळा लावला. आपल्याकडे तो १९५२ च्या मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून आला, हे बिमल रॉयपासून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

शब्द वापरताना ते बाहेरच्या अर्थानेच वापरायचे. उदाहरणार्थ 'जाल्लो'. हा शब्द म्हणजे निव्वळ पिवळा रंग. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या म्हणून इटलीत कुठल्याही रहस्यकथेला जाल्लो म्हणतात. अगाथा ख्रिस्तीसुद्धा जाल्लोच. बाहेर मात्र जाल्लो म्हणजे खुनाखुनीचे इटालियन सिनेमे: काळे हातमोजे, चकाकता वस्तरा आणि नको तितकं लाल रक्त. एका परिसंवादात इटलीतल्या बारीहून आलेली एक मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "माझी आजी झोपण्यापूर्वी रोज एक जाल्लो वाचते." सभागृहात शांतता पसरली. चहाच्या वेळी तिच्या आजीविषयी दोघातिघांनी काळजीने विचारपूस केली.

एवढ्यात वारं फिरलं. २०११ मध्ये ब्रिटनमध्येच शिकवणाऱ्या ॲलन ओलिअरी आणि कॅथरीन ओरॉ या अभ्यासकांनी लेख लिहून खडसावलं, की वास्तववादाचं हे खूळ आता पुरे. पुढे ओलिअरीने 'चिनेपानेत्तोने'वर आख्खं पुस्तक काढलं. पानेत्तोने हा नाताळातला गोड पाव. दर नाताळला त्याच्यासोबत थेटरात येणारे जे पांचट विनोदी सिनेमे, त्यांचं हे टोपणनाव. त्यांचा मोठा नट कोण, तर ख्रिस्तियान डी सिका. सायकलवाल्या डी सिकाचा सख्खा मुलगा! बापाने देशाला रडवलं की नाही यावर वाद आहे, मुलाने हसवलं यावर नाही.

अशा वेळी काय करायचं? घाबरायचं नाही. पादण्याचा विनोद आला की समोर 'देहाचं राजकारण' लिहायचं. विनोदी नट चेक्को झालोनेच्या 'क्वो वादो?'ने २०१६ मध्ये इटलीत सहा कोटींहून जास्त युरो कमावले. त्यातली सरकारी नोकरीला चिकटून बसलेल्या माणसाची गंमत आपल्या कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत जशीच्या तशी कळेल. ती कळू देऊ नका. जे कळतं त्यावर फंडिंग मिळत नाही.

आणि मराठी विद्यार्थी असाल तर आणखी एका तयारीत राहा. २००३ च्या नाताळला याच मंडळींनी 'नाताले इन इंडिया' आणला होता. ज्या दिवशी तुमच्या गाईडला हे कळेल त्या दिवशी ती मान तिरकी करून म्हणेल, "यावर तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मला अशीच म्हणाली. तोवर मी दिग्दर्शक अंतोनिओनीच्या सिनेमांतल्या धुक्यावर तीन वर्षं काढली होती. धुकं बाजूला ठेवलं. वीस मिनिटांचा पेपर, अडीचशे शब्दांचा गोषवारा, शीर्षकात एक विसर्गचिन्ह आणि 'पौर्वात्यवाद' हा शब्द. सिनेमा रात्री एकट्याने लॅपटॉपवर पाहिला, वही उघडी ठेवून. आपल्या देशाची केलेली थट्टा बघून चीड यायला हवी होती. ती थोडी आलीही, पण दोन जागी मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतल्याने भिंत ठोकली.

पेपरात त्या दोन्ही जागांना 'समस्याग्रस्त' म्हटलंय.