म्हणींवर राग नाही हो माझा

नमस्कार, म्हणींबद्दल मी जे लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, राग पोचला :) तुमचं म्हणणं थोडक्यात असं की म्हणी-सुविचार हे पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण, मी उगाच त्यांची चिरफाड करतोय, आणि बोलताना माणूस मूळ अर्थ शोधत बसला तर बोलणार कधी?

शेवटचं एकदम मान्य. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' घ्या ना. फळ्यावर, स्टेटसला, भाषणात, सगळीकडे मेहनतीचं कौतुक म्हणून. श्लोक मूळ भर्तृहरीच्या नीतिशतकातला, मराठीत आणला वामन पंडितांनी, आणि पुढे वाचलं की खरी गंमत, वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडून सशाचं शिंगही मिळेल, 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी'. म्हणजे हट्टी मूर्खाची समजूत काढायच्या नादी लागू नका असं चाललंय तिथे! (तुम्हाला उद्देशून नाही हं, उदाहरणच असं निघालं त्याला काय करणार.) तरी आज त्या ओळीचा अर्थ 'प्रयत्न करा' हाच, लोक तशीच वापरतात, वापरू देत.

माझी तक्रार म्हण कधी काढतात त्याबद्दल आहे. समोरचा काहीतरी नेमकं सांगत असतो आणि आपल्याला ऐकायचा कंटाळा आलेला असतो, बरोब्बर तेव्हा. एका मैत्रिणीची नोकरी गेली, तिने ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, शेवटचा पगार अडकलाय, कोणाच्या ओळखीत काही असेल तर सांगा वगैरे. पहिला रिप्लाय 'जे होतं ते चांगल्यासाठीच', त्यावर अंगठ्यांची रांग, मग 'ठेविले अनंते तैसेचि राहावे'. तिने हात जोडलेला इमोजी टाकला, विषय संपला. पगाराचं कोणी विचारलंच नाही. तुकोबांची ती ओळ स्वतःच्या मनाला सांगायची, लगेच पुढे 'चित्ती असो द्यावे समाधान' आहे, पण दुसऱ्याला ऐकवली की 'आता पुरे कर' एवढंच ऐकू येतं.

आणि शहाणपण म्हणाल तर 'ऐकावे जनाचे करावे मनाचे' पण आपलंच आणि 'पाचामुखी परमेश्वर' पण आपलंच. एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही ऐकल्यात मी, त्याने आधी काय ठरवून ठेवलंय त्यावर कुठली बाहेर पडणार ते ठरतं.

म्हणी टाकून द्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, कृपया परत बघा. 'नाचता येईना अंगण वाकडे' मी सर्रास वापरतो, ती अजून झोंबते ना! 'वेळ हेच औषध' मात्र झोंबतही नाही आणि ऐकून बरंही वाटत नाही. तुम्ही विचारलंय, मग अडचणीतल्या माणसाला म्हणायचं तरी काय? 'किती महिन्यांचा पगार राहिलाय गं?' एवढं कोणी विचारलं असतं तरी चाललं असतं की.