माल बदलून मिळेल

आपल्याकडे कापडाच्या दुकानात गल्ल्यामागे पाटी असते, 'एकदा विकलेला माल बदलून मिळणार नाही'. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्विसच्या दारावर अशी पाटी नाही. तिथे जंगल बदलून मिळतं. बदल्यात द्यायला तुमच्याकडे जंगल असायलाच हवं असंही नाही. ते कसं जमवायचं, हे पुढे येईलच.

समजा, तुम्ही ॲरिझोना, युटा नाहीतर अलास्कातल्या दोन-तीन हजार वस्तीच्या गावाचे मेयर झालात. म्हणजे सरपंचच, फक्त शब्द भारी. सकाळी खिडकी उघडली की चहूकडे राष्ट्रीय वन. अशी 154 वनं त्या देशात आहेत, मिळून 19 कोटी 30 लाख एकर, म्हणजे साधारण अडीच महाराष्ट्र. मालक वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार, कारभारी फॉरेस्ट सर्विस, आणि हे खातं 1905 पासून कृषी मंत्रालयाच्या हाताखाली. बरोबरच आहे. झाड हेही पीकच, काढणीला जरा उशीर लागतो इतकंच.

तर पहिलं काम, रडगाणं बसवून ठेवा. सूर सोपा आहे. केंद्राच्या जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही आणि तिकडच्या शाळा बऱ्याचशा मालमत्ता करावर चालतात. या दुखण्यावर 1908 साली तोडगा निघाला: जंगलाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा तिथल्या काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), शाळा आणि रस्त्यांसाठी. म्हणजे ओंडके पडले की वर्गखोल्या उभ्या. 1990 च्या दशकात तोड घटली, खोल्या गळायला लागल्या, आणि 2000 साली वेगळा कायदा करून भरपाई द्यावी लागली. हे सगळं खरं आहे, म्हणून गाणं आणखी चांगलं लागतं. गावाची गरजही खोटी नसते. सांडपाण्याचा प्रकल्प, शाळेचं मैदान, कचरा टाकायची जागा यातलं काहीतरी जंगलाच्या हद्दीत गेलेलं असतंच.

अशा साध्या गरजांसाठी 1967 चा एक कायदा आहे. गाव, काउंटी किंवा शाळामंडळ 80 एकरांपर्यंत वनजमीन बदलून घेऊ शकतं, आणि द्यायला जमीन कमी पडली तर पैसे भरू शकतं. पण जो मैदान मागतो त्याला मैदानच मिळतं. तुम्ही मोठं मागा.

मागितल्यावर पहिला कागद होतो तो 'सुरुवात करण्याचा करार'. त्यात कुणी कुणाला काही देणं लागत नाही, कोणीही कधीही उठून जाऊ शकतं, तरी सही समारंभपूर्वक होते. मग स्थानिक पेपरात लागोपाठ चार आठवडे जाहीर नोटीस. ती हरवलेल्या कुत्र्याच्या आणि जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातींमध्ये सामावून गेली की लोकांचा सहभाग झाला.

आता मूल्यांकन. 1976 च्या कायद्याप्रमाणे दोन्हीकडच्या जमिनी सारख्या किमतीच्या हव्यात. फरक उरला तर रोख भरायचा, पण केंद्राच्या जमिनीच्या किमतीच्या 25 टक्क्यांच्या आत. किंमत काढायच्या नियमांची एक पोथी आहे. तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून सगळं खातं तिला 'पिवळं पुस्तक' म्हणतं. माझे मामा साताऱ्याकडून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. फिनिक्सला माझ्याकडे तीन महिने राहायला आले होते. सरकारी अधिकारी पिवळं पुस्तक टेबलावर उघडं ठेवून वाचतात, हे ऐकून ते आधी माझ्याकडे आणि मग स्वयंपाकघरात मामी आहे का ते बघायला लागले.

मग मी त्यांना आतला मजकूर सांगितला. जमिनीची किंमत ती आज कशी आहे यावर ठरत नाही. ती खासगी मालकीची असून बाजारात विकायला आली आहे असं समजायचं, आणि तिचा सर्वांत फायद्याचा वापर कोणता होईल त्यावर भाव काढायचा. बंगले झाले तर बंगल्यांचा, खाण झाली तर खाणीचा. नुसतं उभं राहून पाणी धरून ठेवणं, सावली देणं, अस्वलं पोसणं हा वापर कुणी पैसे मोजल्याशिवाय त्या पुस्तकात वापरच धरला जात नाही. मामा म्हणाले, "म्हणजे जित्या म्हशीचा भाव कातड्यावर."

यातून तुम्ही घ्यायचा अर्थ असा: तुमच्या जमिनीचं वाटोळं करण्याची तुमची जितकी तयारी, तितका तिचा भाव. गरीब तोंड करून जंगल मागणारे पुष्कळ असतात. शहाणा माणूस आधी कुऱ्हाड दाखवतो.

दाखला हवा असेल तर अलास्कात चला. 1956 पर्यंत अलास्कातल्या मनोरुग्णांना पार ओरेगनमधल्या पोर्टलंडला पाठवत. त्या वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून सांगितलं, इलाज तुमच्याकडेच करा, आणि खर्चासाठी ही घ्या दहा लाख एकर जमीन. राज्याने ती जमीन इकडे-तिकडे वाटून टाकली. 1982 साली रुग्णांच्या बाजूने दावा लागला, 1994 मध्ये तडजोड झाली आणि एक न्यास उभा राहिला. त्याच्याकडे पुन्हा दहा लाखांच्या आसपास एकर आले. या न्यासाने जमिनीतून पैसा उभा करायचा आणि रुग्णांवर खर्च करायचा, हे त्याच्यावर बंधनच. दया दाखवायची त्याला मुभा नाही, कारण दया दुसऱ्याच्या खिशातून जाते.

आता त्याच्या वाट्याला जमीन कुठली आली? केचिकन नावाच्या बंदराच्या डोक्यावर डियर माउंटन म्हणून डोंगर आहे. पर्यटकांची मोठाली जहाजं धक्क्याला लागली की पहिला फोटो त्याचाच. त्या डोंगरावर या न्यासाची जमीन. दुसरी पीटर्सबर्ग गावाजवळच्या तीव्र उतारावर. खाली रस्ता, घरं, आणि पावसाळ्यात दरडींची धास्ती. (तिकडे पावसाळा म्हणजे जवळजवळ वर्षभर.) न्यासाचं म्हणणं, आम्हाला इथे तोड करायची हौस नाही, याच्या बदल्यात टाँगस राष्ट्रीय वनातली आडबाजूची जमीन द्या. टाँगस हे त्या देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय वन. बोलणी वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडे सोयरिकीची बोलणी चालतात तशी, हुंडा सोडून सगळ्यावर एकमत.

ऑगस्ट 2016 मध्ये न्यासाच्या मंडळाने ठराव केला: 15 जानेवारी 2017 पर्यंत संसदेने अदलाबदलीचा कायदा केला नाही, तर डियर माउंटनवर तोड सुरू करू. गावाच्या छातीत धस्स झालं. डोंगर वाचवा म्हणणारे आणि अदलाबदल करा म्हणणारे एका रात्रीत एकाच बाजूला आले. कायदा मे 2017 मध्ये झाला, मुदत उलटून गेल्यावर, पण तोवर कुऱ्हाड खाली आली नाही. न्यासाने सतरा-अठरा हजार एकर दिले आणि टाँगसमधले वीसेक हजार घेतले, तोडीसाठी. केचिकनचा डोंगर हिरवा राहिला. जिथे झाडं पडायची ती जागा जहाजाच्या डेकवरून दिसत नाही.

यात खलनायक शोधू नका, मी शोधून थकलो. मनोरुग्णांना पैसा हवा होता, गावाला डोंगर हवा होता, दोघांचंही खरं. फक्त टाँगसच्या त्या वीस हजार एकरांच्या वतीने ठराव करायला कुठलं मंडळ नव्हतं.

हीच विद्या खासगीतही चालते. 1992 साली कोलोरॅडोत एका जमीन दलालाने वेस्ट एल्क अभयारण्याच्या पोटातल्या 240 एकर खासगी तुकड्यावर चैनीचे लाकडी बंगले बांधायला घेतले. रस्ता नाही, म्हणून सामान हेलिकॉप्टरने. ती घरघर फॉरेस्ट सर्विसच्या कानाला इतकी लागली की तिने तो तुकडा घेऊन टेल्युराइडजवळची 105 एकर जमीन दिली. टेल्युराइड म्हणजे स्कीइंगला येणाऱ्या कोट्यधीशांचं गाव. आकडा घटला म्हणून हळहळू नका, तुम्ही एकर मोजताय आणि तो डॉलर. तुमच्या ग्रामपंचायतीला हेलिकॉप्टर परवडत नसेल तर ठराव करा. ठरावाला डिझेल लागत नाही.

तुकडा जंगलाच्या पोटात गेलाच कसा, असं विचाराल. त्याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर आहे. पश्चिमेकडची जमीन मोजताना सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन आखले, त्या प्रत्येकात एक चौरस मैलाची, म्हणजे 640 एकरांची, 36 घरं. राज्य स्थापन झालं की त्यातली ठरावीक घरं शाळांच्या नावाने राज्याला. आधी 16 आणि 36 क्रमांकाची दोन, मग युटा-ॲरिझोनासारख्या रखरखीत राज्यांना चार. भोवती नंतर राष्ट्रीय वन जाहीर झालं आणि शाळेचं घर मधोमध अडकलं. पोरांच्या नावाची जमीन आणि पोरांना तिथे जायला वाट नाही. युटाने असे तुकडे 1998 मध्ये घाऊक सोडवले: राज्याने सुमारे 3 लाख 77 हजार एकर दिले आणि 1 लाख 39 हजार एकर, वर 5 कोटी डॉलर घेतले. ॲरिझोनात मात्र राज्यघटनाच आडवी. शाळांची जमीन लिलावाशिवाय द्यायची नाही. अदलाबदलीला परवानगी मागणारे प्रस्ताव मतदारांनी वारंवार फेटाळले आणि 2012 मध्ये एकदाचा एक मंजूर केला. मतदार कंटाळेपर्यंत विचारत राहणं, हीही एक पद्धत लिहून ठेवा.

एवढं करून कुणी हिशेब तपासला तर? तपासला होता. 2000 साली संसदेच्या लेखापरीक्षकांनी फॉरेस्ट सर्विस आणि तिच्या भावंड खात्याच्या अदलाबदली पाहिल्या. सरकार आपलं स्वस्तात देतं आणि लोकांचं महागात घेतं, लोकहिताचा पुरावा कच्चा, आणि हा कार्यक्रम बंदच करण्याचा विचार संसदेने करावा, इथवर त्यांनी लिहिलं. संसदेने काय विचार केला असेल तो असो, कार्यक्रम चालू आहे.

तरी खात्याच्या वाटेने गेलात तर पर्यावरण अहवाल, हरकती, कोर्ट यात दहा वर्षं जातील. म्हणून शेवटचा आणि सगळ्यांत मोलाचा सल्ला: अदलाबदल खात्याकडे मागूच नका, कायद्यात घाला. तोही स्वतःच्या नावाच्या कायद्यात नको, जो कायदा नापास करायची कुणाची छाती होत नाही त्याच्या शेपटीला बांधा.

फिनिक्सपासून तासाभरावर सुपीरियर म्हणून तांब्याच्या खाणीचं जुनं गाव आहे. पलीकडे टाँटो राष्ट्रीय वनात ओक फ्लॅट. अपाची लोकांचं पवित्र ठिकाण, पिढ्यान्‌पिढ्या तिथे ओकची फळं वेचतात, मुली वयात आल्या की त्यांचा विधी होतो. आयझेनहॉवर सरकारने 1955 मध्ये तिथली 760 एकर जागा खाणकामाला बंद केली. 1971 मध्ये निक्सन सरकारने बंदी ठेवली आणि बारीक फट सोडली: जागा केंद्राची असेतो खाण नाही. म्हणजे केंद्राची नसली तर? जमिनीखाली सात हजार फुटांवर तांबं आहे आणि वर रिओ टिंटो आणि बीएचपी या कंपन्या. अदलाबदलीचं स्वतंत्र विधेयक वर्षानुवर्षं आपटत राहिलं. डिसेंबर 2014 मध्ये ते संरक्षण खर्चाच्या विधेयकात बसलं आणि पास झालं. सैनिकांच्या पगाराला कोण नाही म्हणणार? 2,422 एकर वनजमीन द्यायची, बदल्यात इतरत्र पाच हजारांहून जास्त एकर घ्यायचे. खाण पूर्ण झाली की वर सुमारे दोन मैल रुंद आणि हजारेक फूट खोल खड्डा. पर्यावरण अहवाल करायचा, पण तो प्रसिद्ध झाल्यापासून 60 दिवसांत जमीन हस्तांतरित करायची, अहवालात काहीही निघो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपाचींचं प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी त्यावर असहमती नोंदवली.

आणि सरपंच, तुमच्या सुपीरियर गावाला त्याच कायद्यात काय मिळालं? गावाची 30 एकरांची दफनभूमी, जी वनजमिनीवर होती, आणि विमानपट्टीलगतची अडीचशे एकर. फुकट नाही, बाजारभावाने विकत घेण्याची मुभा.

मामांना मी 2022 च्या नोव्हेंबरात ओक फ्लॅटला घेऊन गेलो होतो. त्यांनी ना झाडं पाहिली ना खडक. चाळीस वर्षांची सवय, खाली बघत चालत राहिले. एका ओकखाली मातीत रुतलेली पितळी टोपी सापडली, मोजणीची खूण, छोट्या पुरीएवढी. गुडघे टेकून, रुमालाने पुसून त्यांनी वरची अक्षरं मला वाचायला लावली. खूण हलवली तर अडीचशे डॉलर दंड.

"फेरफाराला हरकतीची मुदत किती?" मामांनी विचारलं.

मी त्यांना ते साठ दिवस समजावले. हरकत घेता येते, पण तिने काही थांबत नाही.

"आमच्याकडे पंधरा दिवस," ते म्हणाले. "पण तेवढ्यात फेरफार अडायचा रे. एखादी म्हातारी येऊन अंगठा उठवून जायची, की अडला."

मग उठताना त्यांचा पाय त्या टोपीला लागला. घाईने वाकून त्यांनी नमस्कार केला आणि खूण जागची हलली नाही ना, हे दोनदा पाहिलं.