विनूचं खुराडं

चोर्ल्याच्या घाटात विनूचा मागचा टायर फुटला ही बातमी डिचोलीच्या कट्ट्यावर विनूच्या आधी पोचली होती. शनिवारी तो आला तेव्हा मास्तरांनी एवढंच म्हटलं, "ये रे, तीनचाकी."

विनूने पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर चढवलाय. आत पलंग, मोरी, शेगडी, सगळं. आम्ही त्याला खुराडं म्हणतो.

"टायरच भिकार होते," विनू म्हणाला. "आता मड टेरेन घालतो, चिखलात चालणारे. नक्षी बघा कसली!" मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरला. वाळवंटात उडणारी कुठलीशी जीप.

"वाळवंट खंय रे? मयेला की साखळीला?" बाबुसोने विचारलं.

गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी चालू होत्या तेव्हा बाबुसोचे दोन टिप्पर होते. बंद पडल्या तेव्हा दोन टिपरांचं कर्ज. २०१२ला एकदा, २०१८ला पुन्हा. टायरांत त्याने जेवढे पैसे घातलेत तेवढ्यात विनूच्या घरावर माडी चढली असती. पण विनू व्हिडिओ बघून शिकलेला.

"तू चिखलात कधी गेलास? मयेच्या तळ्याकाठी गाडी लावून मॅगी करतोस. त्या मोठ्या गुट्ट्या ओल्या डांबरावर नीट टेकत नाहीत, आणि आवाज असा की वैनी बोलते ते ऐकू येणार नाही."

"मग घेच," पांडू विनूला म्हणाला.

"नक्षी सोड, टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाच," बाबुसो म्हणाला.

विनूकडे फोटो होता. २४५/७० आर १६, पुढे १११ टी.

"तो १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो. मागचे दोन मिळून २१८०. त्यात रिकाम्या गाडीचं मागचं वजन आलं, खुराडं आलं, गॅस आला, वैनीच्या बॅगा आल्या. काट्यावर घातलीस कधी?"

"कॅम्परचं वजन कागदावर दिलंय."

"रिकाम्याचं. पाण्याची टाकी केवढी?"

"१०० लिटर."

"म्हणजे १०० किलो. आणि ठेवलीस कुठे, तर चाकांच्या पलीकडे, शेपटीला. पुढची चाकं हलकी होणार आणि मागच्यांवर १००हून जास्तच पडणार. बैलगाडी उलाळ होते ती कशी? कुणी हाकलीय की सगळेच भाटकार, जमीनदार?"

पांडूने मध्ये तोंड घातलं. "१० प्लायचे घे ना."

"हल्ली प्लाय म्हणजे थर नव्हेत रे, ताकदीचा आकडा. एलटी म्हणून येतात, म्हणजे लाइट ट्रकचे, ई वर्गाचे. मापात मिळाले आणि अंगावर १२० असेल तर एकाला १४०० किलो. पण ते ८० पौंड हवेला. रिमनेही तेवढी सोसायला हवी. आणि टायर जाडा घेतला म्हणून पाटे नि एक्सल जाडे होत नाहीत. तू हवा किती ठेवली होतीस?"

विनू चहाच्या ग्लासात बघू लागला. "पावसात ग्रिप यावी म्हणून... थोडी कमी."

बाबुसोने भजी खाली ठेवली. त्याला भजी खाली ठेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"देवा पाव! हवा कमी की टायरची कड वाकते, वाकली की तापते, तापली की फाटते. बाहेर पाऊस म्हणून आतून गार राहते काय? त्यात कमी हवेचा टायर पाण्यावर तरंगतो तो वेगळाच."

"आमच्या वेळी आम्ही रिमोल्डवर..." मास्तरांनी सुरुवात केली.

"मास्तर, तुमच्या वेळी तुमची स्कूटर होती."

"आता मोटार आहे ना! टायर बघ, अजून नवे. गाडी कुठे जातेच?"

बाबुसो उठून मास्तरांच्या गाडीपाशी वाकला. "इथे चार आकडे आहेत. ३५१६. २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. नवा नव्हे मास्तर, वापरला नाही इतकंच. उभ्या उभ्याही रबर म्हातारं होतं."

"तुमच्यासारखं," पांडू म्हणाला, आणि मास्तर पंधरा मिनिटं त्याच्याशी बोलले नाहीत. तसेही त्यांचं धड कुठे आहे? मास्तरांनी शाळेत नापास केल्याचा राग पांडूने पन्नाशीतही सोडलेला नाही.

"ते असू दे, पण खुराडं आरटीओला दाखवलंस?" पांडूने विचारलं. विनूला तेवढ्यात आणखी एक चहा सांगायचा होता.

"आणि घाटात चाक बदललंस कशाने?" बाबुसो म्हणाला. "माझा जॅक नेलेलास. खाणी बंद पडल्या त्या वर्षी. पहिल्यांदा."

"मी? पांडूने नेला!"

याच्यावर जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाऊस आला तोही अर्ध्या वाक्यात, डिचोलीला येतो तसा, न सांगता. आम्ही चौघे धावत खुराड्यात शिरलो. बाबुसो तेवढा बाहेरच. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून मागच्या चाकापाशी उकिडवा.

"बसला! मास्तर चढले नि टायर कसा बसला बघा!"

आत पाय लांब करायला जागा नव्हती म्हणून पांडूने पलंगाखालचं सामान ओढलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबुसो, तुझा जॅक मिळाला रे!"

"वजन किती त्याचं?" बाहेरून आवाज आला. "तेही धरा हिशोबात!"