हायकोर्टाची ऑर्डर हातात आहे तरी सातबाऱ्यावर नाव चढत नाही

बाबा जाऊन तीन वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. वाद नाही, भांडण नाही, सामाईक सातबारा आहे, सतरा नावं आहेत, कोकणात कुणाचा नसतो, पण एकानेही हरकत घेतलेली नाही. साधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं, नोटिशीचे 15 दिवस जाऊ द्यायचे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायची, बस एवढंच काम आहे. त्यासाठी राजापुरातल्या माणसाने हायकोर्टात जायचं??

आणि हे ऑफिसातले लोक नाही म्हणतच नाहीत, सगळी मेख तिथेच आहे. साहेब व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्सला) बसलेत, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. लेखी नकार दिला तर माणूस वर अपिलात जाईल ना, म्हणून कागदावर काहीच उमटू द्यायचं नाही. दुसऱ्या अर्जाची पोच मागितली तर क्लार्कने माझ्या डोळ्यासमोर शिक्का उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर बंद केला आणि "साहेब आल्यावर" म्हणाला. मग सगळं रजिस्टर एडीने पाठवलं. वकील म्हणाले बरं केलंत, हायकोर्टात रिट याचिका लावायची तर आपण मागणी केली होती आणि त्यांनी काम केलं नाही हे दाखवावं लागतं.

घटनेचं कलम 226. हायकोर्ट सरकारी अधिकाऱ्याला सांगू शकतं की कायद्याने तुझ्यावर असलेलं काम कर, नाहीतर बेकायदा चाललंय ते थांबव. मँडॅमस म्हणतात त्याला, मराठीत परमादेश. केवढा भारी शब्द! 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात आले म्हणून निदान मुंबईच्या वाऱ्या वाचल्या, पण अणुस्कुरा घाट चढून जायचं, लॉजवर राहायचं, वकिलांची फी भरायची, आणि पहिल्या तारखेला सरकारी वकील उभे राहून सांगणार की ऑफिसकडून माहिती घ्यायला वेळ द्या. अहो ऑफिसने तीन वर्षं घेतली ना वेळ!

जानेवारीत ऑर्डर झाली. काय, तर अर्जावर चार आठवड्यांत कायद्याप्रमाणे निर्णय घ्या. नोंद करा असं नाही हं, निर्णय घ्या. म्हणजे मी एवढे पैसे घालून काय मिळवलं, तर माझा अर्ज उघडून वाचला जाईल एवढंच. आणि तोही वाचलेला नाही! चार आठवडे कधीच उलटले. ऑर्डर घेऊन गेलो तर साहेब बदललेले, नवीन साहेब म्हणाले मी आत्ताच चार्ज घेतलाय, फाईल बघायला लागेल. अरे ऑर्डर खुर्चीला आहे, खुर्ची तीच आहे ना!

आता वकील म्हणतात अवमान याचिका टाकू. 1971 चा कायदा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, आणि तीसुद्धा वर्षाच्या आत टाकायची. पुन्हा फी, पुन्हा घाट. आणि अनुभव सगळ्यांना माहीत आहे, नोटीस गेली की तारखेच्या आदल्या संध्याकाळी काम होतं आणि साहेब कोर्टात माफी मागून मोकळे होतात. म्हणजे करता येत होतं!! एका संध्याकाळी करता येत होतं, तीन वर्षं नुसतं दाबून ठेवलं. माझी फी, माझे खाडे, ते कोण भरून देणार? साहेबांच्या पगारातून एक रुपया तरी कापला जातो का?

बाबांनी खांद्यावरून पाणी घालून वाढवलेली आंब्याची कलमं आहेत ती. विम्याचा फॉर्म भरायला गेलो तर समोरचा विचारतो खातेदार कुठे आहेत. आई बाजूलाच उभी होती, काय सांगायचं तिने?

आंबा काढणीला आलाय, गडी मिळत नाहीत, आणि वकिलांचा फोन आलाय की सोमवारी सहीला कोल्हापूरला या.