‘एक मादी लाखो अंडी घालते’, मग घोडं अडतं कुठे?

किनाऱ्याजवळच्या, बाजारात भाव खाणाऱ्या माशांबद्दल एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय: एक मादी लाखो अंडी घालते, म्हणून मासा संपत नसतो. लहान मासे काढले की उरलेले झपाट्याने वाढतात. एकूण पकड घटलेली नाही, म्हणजे समुद्रातला माशांचा साठा ठणठणीत आहे. आणि कमी झालाच, तर दोन वर्षं बंदी घातली की सगळं पूर्ववत.

‘लाखो अंडी.’ घालते, खरंच. पण त्यातली मोठी होईपर्यंत जगणारी पिल्लं मोजकीच. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी 1883 मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात असंच सांगितलं होतं, कॉड या थंड समुद्रातल्या माशासारख्या मोठ्या मासेमाऱ्या अक्षय आहेत म्हणून. त्यांच्यासमोर आजचे ट्रॉलर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर मोठं जाळं ओढणाऱ्या बोटी, नव्हते. मजकूर लिहिणाऱ्याला ती सवलत देता येत नाही. शिवाय मादी कोणती, यावरही बरंच अवलंबून असतं. 2018 मध्ये 342 सागरी प्रजातींच्या अभ्यासात दिसलं की 30 किलोची एक कॉड मादी 2 किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. आणि बेसुमार मासेमारीत आधी नाहीशा होतात त्या याच थोराड माद्या.

‘लहान मासे काढले की उरलेले वाढतात.’ यात तथ्याचा अंश आहे, गर्दी कमी झाली की वाढ थोडी सुधारते. पण हिशेब मांडून बघा. समजा एक मासा पहिल्या वर्षी साडेपंधरा सेंटिमीटर होतो आणि तिसऱ्या वर्षी साडेपस्तीस. लांबी सव्वादोन पटींच्या आसपास वाढली, पण वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून 37 ग्रॅमचा मासा 450 ग्रॅमचा झाला. एक वर्ष वयाचे 100 मासे आज काढले तर पावणेचार किलोही भरत नाहीत. दोन वर्षं थांबलो आणि आजार, भक्षक वगैरेंमुळे 45 मेले, तरी उरलेल्या 55 माशांचं वजन जवळपास 25 किलो. पूर्ण वाढीआधीच मासा काढून उत्पन्न बुडवण्याचा हा प्रकार. आणि विणीचं वय येण्याआधीच बहुतेक मासे जाळ्यात गेले, तर पुढची पिढीच खुंटते. तो दुसरा आणि जास्त घातक प्रकार.

हे आकडे हवेतून येत नाहीत. दर महिन्याला उतरलेल्या मासळीतले शेकडो मासे पट्टीवर मोजतात. लांबीनुसार संख्या मांडली की आलेखात उंचवटे दिसतात, एकेका पिढीचा एकेक, आणि ते महिन्यागणिक मोठ्या लांबीकडे सरकतात. त्या सरकण्यावरून वाढीचा वेग काढतात. थंड पाण्यातल्या माशांच्या कानातल्या खड्यांवर वर्षाची वलयं स्पष्ट उमटतात, तिथे वय थेट मोजता येतं. मग वयागणिक संख्या किती वेगाने ओसरते ते पाहतात. हे करताना आलेखाची डावी, लहान माशांची बाजू सोडून द्यावी लागते, कारण तेवढे मासे जाळ्याच्या छिद्रांतून निसटलेले असतात. एकूण मृत्यूंत मासेमारीचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला, तर साठ्यावर ताण आहे असं ढोबळमानाने धरतात. मजकुरात यातला एकही आकडा नाही.

‘पकड घटलेली नाही.’ किती तास जाळं ओढून? इंजिन मोठं झालं, जाळी वाढली, होड्या लांब जाऊ लागल्या की मासा कमी होत असतानाही टनांचा आकडा टिकून राहतो. दर तासाची पकडही फसवते, कारण काही मासे कमी झाले तरी थोड्या जागेत दाटीने राहतात आणि ट्रॉलर नेमके तिथेच जातात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडच्या कॉडबाबत 1980 च्या दशकात हेच झालं. ट्रॉलरची पकड चांगली दिसत होती, त्यावर विसंबून साठ्याचा अंदाज फुगला. 2 जुलै 1992 ला मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला.

राहिली ‘दोन वर्षांची बंदी’. त्याच कॉडवरची बंदी कॅनडाने उठवली 2024 मध्ये, म्हणजे 32 वर्षांनी, आणि पकडीची मर्यादा ठेवली 18 हजार टन. 1968 मध्ये तिथली वर्षाची पकड 8 लाख टनांच्या घरात होती.