दिसणारच असेल तर लपवायचा कशाला? पारदर्शक पट्ट्यांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून नुसते आभार मानून सुटका करून घेत नाही, सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्राचे पारदर्शक पट्टे कसे तयार करतात यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे पट्टे दिसायचे ते दिसतातच, उलट चमकून जास्त नजरेत भरतात. घामाने चिकटतात, पिवळे पडतात, खांद्यात रुततात. आणि ब्राचा पट्टा ही लपवायची गोष्ट आहे असं बायकांच्या मनावर ठसवून आमच्यासारखे लोक त्यावर धंदा करतात. शेवटी विचारलंय, ‘तुम्ही स्वतः रोज हे वापरता का?’

आधी शेवटचं. नाही, रोज नाही वापरत. रोजच्याला मला कापडी पट्टाच लागतो आणि तो गळ्यातून डोकावला तर मी ओढणी शोधत बसत नाही. रुंद गळ्याचा किंवा उघड्या खांद्यांचा एखादा कपडा असतो, त्याच्या गळ्याची रेघ मध्येच कापली जाऊ नये असं वाटतं, तेव्हा काही तासांपुरता पारदर्शक पट्टा लावते. माझ्या मते त्याचं काम तेवढंच. ‘दिवसभर वापरा, कुठल्याही मापाला चालेल’ असं सांगून जे पट्टे विकले जातात त्यांच्यावर तुम्ही चिडला असाल, तर मी तुमच्या बाजूची आहे.

आता ‘दिसतोच की’ हा मुद्दा. तो खरा आहे, पण का खरा आहे ते पाहू, कारण त्यावरच सगळी रचना अवलंबून असते. असा पट्टा घातलेल्या कुणाला खिडकीजवळ उभं करून बघा. पट्टा अख्खा दिसत नाही. दिसतात त्या तीन रेघा: मधून जाणारा एक पांढरा चमकदार पट्टा आणि दोन्ही कडांवर दोन बारीक उजळ रेषा. मधली चमक वरच्या गुळगुळीत पृष्ठभागाची. अशा प्लॅस्टिकवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के आरशासारखा परत फिरतो, आणि प्रकाश तिरका आला की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. खांदा तर गोलाकार. त्यामुळे तुम्ही कुठेही उभ्या राहा, पट्ट्याचा कुठला ना कुठला भाग दिव्याची तिरीप नेमकी तुमच्या डोळ्यांत पाठवतोच. कडांवरच्या रेषांचं कारण वेगळं आहे. आत शिरलेल्यापैकी थोडा प्रकाश वरच्या-खालच्या पृष्ठभागांवर आपटत आडवा जातो आणि कापलेल्या कडेतून बाहेर पडतो. म्हणून कडा पेटल्यासारख्या दिसतात.

त्यात एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. त्वचा जितकी सावळी, तितकी ही चमक उठून दिसते. परत फिरणारा प्रकाश तेवढाच असतो, पण खालची पार्श्वभूमी गडद असते. जाहिरातींतले फोटो बहुधा गोऱ्या खांद्यांवर, मऊ प्रकाशात काढलेले. तिथे पट्टा नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात सावळ्या खांद्यावर ट्यूबलाइटखाली तोच पट्टा लांबून ओळखू येतो. तुम्ही ‘स्वस्त प्लॅस्टिक दिसतं’ म्हणालात ते बहुतेक हेच असावं.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते. बाहेरची बाजू हलकी मॅट, म्हणजे बिनचमकीची, केली की तिरीप फुटून पसरते आणि पांढरी रेघ विरते. मॅट जास्त झालं तर पट्टा दुधी काचेसारखा होतो, म्हणजे पुन्हा दिसतोच. कडांचं म्हणाल तर पट्टा मोठ्या शीटमधून पात्याने कापला की कडा काटकोनी आणि खरबरीत येतात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्याच्या फटीतून दाबून काढलं तर कडा गोलसर आणि पातळ ठेवता येतात. ही पद्धत महाग पडते, पण कड बोचतही नाही. माझ्या हातात नमुना आला की मी आधी कडच बघते. बोट फिरवलं आणि ती नखाला लागली, तर बाकीचं तपासायचे कष्ट घेत नाही.

सगळ्यात अवघड आतली बाजू. ती गुळगुळीत ठेवली आणि घाम आला, की पट्टा आणि त्वचा यांच्यामधली हवा निघून जाते. पाण्यामुळे त्या बाजूचं परावर्तन ४ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. म्हणजे घामेजलेला पट्टा खरं तर कमी दिसतो! पण तो चिकटतो, खालची त्वचा ओली राहून मऊ पडते आणि मग हुळहुळते. आतून बारीक पोत दिला तर चिकटणं थांबतं, पण मधे हवा राहते आणि कोरड्या त्वचेवर पट्टा फिकट पांढरा दिसतो. दिसणं आणि सोसणं यांत इथे सरळ भांडण आहे. मी पोताच्या बाजूने आहे. थोडा दिसला तरी चालेल, पण तो उतरवल्यावर खांद्यावर लाल पट्टा राहायला नको.

‘मग त्यापेक्षा त्वचेच्या रंगाचा कापडी पट्टा बरा’ असं तुम्ही लिहिलंत. रंग तंतोतंत जुळला तर नक्कीच बरा. मॅट कापडाला चमक नसते, त्यामुळे जुळलेला कापडी पट्टा पारदर्शक पट्ट्यापेक्षा कमी दिसतो. अडचण जुळण्याचीच आहे. ‘स्किन कलर’ म्हणून जो मिळतो तो कुणाच्या त्वचेचा, हे ज्याने त्याने स्वतःच्या हातावर धरून बघावं. प्रत्येकीला जुळेल एवढ्या छटा ठेवायच्या तर माल कित्येक पटींनी वाढतो. पारदर्शक पट्टा जो काही टिकून आहे तो एवढ्यासाठीच: तो रंग खालच्या त्वचेकडून उसना घेतो.

पिवळेपणाबद्दल तुम्ही सगळ्या पट्ट्यांना एकाच माळेत ओवलंत, तिथे मात्र थांबवते. हे पट्टे साधारण तीन पदार्थांचे असतात. पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी मिसळलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं. आधी पट्टा तेलकट लागतो, मग कडक होतो. सिलिकॉन सहसा पिवळं पडत नाही, पण त्वचेला धरून बसतं आणि कडेला बारीकशी चीर गेली की सर्रकन फाटत जातं. तिसरं टीपीयू, म्हणजे थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन. आज चांगले पट्टे बहुतेक याचेच. त्यातही प्रकार आहेत. अ‍ॅरोमॅटिक टीपीयू स्वस्त, आणि तेच उन्हात पिवळं पडतं. अ‍ॅलिफॅटिक प्रकार महाग, पण पाण्यासारखा स्वच्छ राहतो. शिवाय घामाच्या संपर्कात येणारा पट्टा पॉलिइथर जातीचा हवा, कारण पॉलिएस्टर जातीचं टीपीयू उष्णता आणि दमटपणा यांत तुटत जातं, चिकट होतं. यातलं काहीही वेष्टनावर छापलेलं नसतं, ही माझी जुनी तक्रार आहे. कोरा पट्टा कपाटात न वापरता पिवळा पडतो तो प्रकार आणखी निराळा. पॅकिंगच्या पिशवीतलं बीएचटी नावाचं द्रव्य आणि हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्या संयोगातून तो रंग येतो. कापडही तसं पिवळं पडतं. म्हणून घरी आणल्यावर पिशवी फेकून द्यावी.

आता रुतण्याकडे येते. माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर मुद्दा हा, आणि तुम्ही तो एका शब्दात उरकलात.

कापडी इलॅस्टिकमध्ये ताणाचं काम करतो तो स्पॅन्डेक्सचा धागा. तोही पॉलियुरेथेनचाच. १९५८ मध्ये ड्युपॉन्ट या अमेरिकी कंपनीत जोसेफ शायव्हर्स यांनी तो तयार केला. म्हणजे कुळ एकच. पण धाग्याच्या रूपात तो नायलॉनच्या विणीत बसवलेला असतो. ताणला की परत येतो, त्वचेला मुख्यतः नायलॉन लागतं, विणीतून हवा खेळते. त्याच कुळातलं द्रव्य सलग पट्टी म्हणून वापरलं की हे सगळं जातं. सतत ताणाखाली, अंगाच्या उबेत, पट्टी थोडी थोडी लांबत जाते आणि पूर्ण परत येत नाही. मग बाई अ‍ॅडजस्टर ओढून पट्टा आखूड करते, तो आणखी ताणतो, आणखी रुततो.

दाबाचं गणित सोपं आहे: ताण तोच राहिला आणि रुंदी दुप्पट केली तर खांद्यावरचा दाब निम्मा होतो. कापडी पट्टा मोठ्या मापाला १८-२० मिलिमीटर रुंद करता येतो. पारदर्शक पट्टा बहुधा १० मिलिमीटरचा, कारण रुंद केला की चमक वाढते. म्हणून मोठ्या मापांना केवळ पारदर्शक पट्ट्यावर ब्रा तोलून धरावी असं मी कुणालाही सांगणार नाही. भार मुळात छातीखालच्या बँडने घ्यायचा असतो. दोन्ही पट्टे खांद्यावरून खाली सोडून बघा. कप लगेच खाली सरकले तर बँड सैल आहे. अशा वेळी पट्टा कापडी असो की पारदर्शक, खांद्याचा छळ होणारच.

त्यातून काढलेला मार्ग म्हणजे मिश्र पट्टा. खांद्यावर जिथे नजर जाते तेवढाच तुकडा पारदर्शक, आणि पाठीकडे, कपड्याच्या आत, कापडी इलॅस्टिक. ताण कापड घेतं, अ‍ॅडजस्टरही कापडावरच राहतो. गुळगुळीत प्लॅस्टिकवर अ‍ॅडजस्टर घसरतो आणि धातूचा असला तर त्याच्या कडेने पट्टी कुरतडली जाते, ती कटकट यात टळते. प्रश्न उरतो जोडाचा. पारदर्शक पट्टीवर आडवी शिवण मारली की सुईची भोकं टपाल तिकिटाच्या भोकांसारखी रांगेत पडतात आणि पट्टी नेमकी तिथेच तुटते. टीपीयू असेल तर अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने, म्हणजे अतिजलद कंपनांच्या उष्णतेने वितळवून, दुमड सांधता येते. सिलिकॉनला हा मार्ग बंद, ते वितळतच नाही.

उरला लाजेचा मुद्दा. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला अमेरिकेत ब्रेसियरचं पेटंट मिळालं. कल्पना सुचली ती पातळ कापडाच्या गाऊनखालून कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी, दिसत होता म्हणून. अंगावरचा तो पिंजरा नको आणि गाऊन जसा शिवलाय तसा दिसावा, एवढंच तिला हवं होतं. शिवणकामात लपवण्याच्या गोष्टी पुष्कळ असतात. अस्तर, कॉलरमधलं बक्रम, खांद्याचे पॅड. पुरुषांच्या कोटात कॅनव्हास लपवणाऱ्या शिंप्याला कुणी लाजेचा व्यापारी म्हणत नाही. तरीही तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. कोटाचं अस्तर दिसलं म्हणून कुणी कुणाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात सांगत नाही, पट्टा दिसला की सांगतात. ते चूक आहे, आणि ‘लाजिरवाणा प्रसंग टाळा’ छापाच्या जाहिराती त्याच भीतीवर चालतात. तसा मजकूर मी लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. पण एखादीला तो दाखवायचा नसेल तर ‘दाखव, तू मुक्त आहेस’ हे तरी आपण का सांगावं? रंगमंचावर नाचणारीला पट्टा नको असतो तो तिच्या वेशभूषेचा भाग नसतो म्हणून. तिथे तर प्रखर दिव्यांमुळे चमकेची परीक्षा सर्वांत कडक.

तुमच्याकडचे पट्टे टाकून देण्याआधी एवढं करून बघा. धुण्याआधी ते काढून ठेवा, कोमट पाण्याने वेगळे पुसा, ड्रायर आणि इस्त्रीपासून लांब ठेवा. सनस्क्रीन आणि अत्तर त्वचेत मुरल्यावरच पट्टा लावा. पारदर्शक अ‍ॅडजस्टर बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लॅस्टिकचे असतात आणि सनस्क्रीनमधल्या काही घटकांनी त्यांना बारीक तडे जातात. रात्रभर सैल ठेवूनही पट्टा मूळ लांबीवर आला नाही, तर तो संपला असं समजून टाकून द्या. पुढच्या लेखात मिश्र पट्ट्याच्या जोडाची आकृती टाकते आहे. त्यावरही अशीच तपासणी करा.